चिझुच्या डोळ्याखालचा भोवरा

हिदाका, होक्काइदो
१९ जानेवारी २०२५

ती. शैलजामावशीस,
साईचा नमस्कार.

तुझं पत्र नोव्हेंबरात आलं आणि उत्तर आज लिहितोय. मधल्या दिवसांत रोज सकाळी ठरवायचो, संध्याकाळी लिहू. संध्याकाळी वाटायचं, इतके दिवस गेलेच आहेत तर काहीतरी सांगण्यासारखं झाल्यावर लिहू. तसं काही झालं नाही. आज बाहेर उणे सतरा आहे, तबेल्यातला नळ गोठलाय, तो सुटेपर्यंत हाताला काम नाही म्हणून बसलो. उगाच खोटं कशाला बोलू.

तू लिहिलंस, ‘फोन नंबर बदलून बसलास, पण पोस्टमनला नाही बदलता येत.’ खरंय. जुन्या फार्मच्या पत्त्यावरून त्यांनी पाकीट इकडे पाठवलं. न सांगता निघून गेलो तरी टपाल पाठवतात, काय माणसं आहेत ही.

हो, पहिली नोकरी सोडली. कुणी त्रास दिला नाही. रोज पहाटे शर्यतीचे घोडे पळवायचे, धुवायचे, पांघरुणं घालायची. बरोबर राजस्थानची पोरं होती, भाकरी-भाजी चांगली चालली होती. पण सगळे घोडे एका रंगाचे. आठ महिने झाले आणि एक दिवस पेट्रोल पंपावर एका ट्रेलरमध्ये अबलख घोडा दिसला. पांढऱ्यावर तांबडे डाग, कुणीतरी रंगाची बादली उलटी केल्यासारखे. मी फटीतून हात आत घातला. त्याने माझी बोटं हुंगली. तेवढ्यात मालक कॉफीचा डबा घेऊन आला, डोक्यावर काउबॉयची टोपी, वय चौऱ्याहत्तर. तो काय बोलला ते अर्धंच कळलं. आठवड्याभराने बॅग घेऊन त्याच्या दारात.

हे कुदो-सान. तरुणपणी दोन वर्षं अमेरिकेत होते, येताना दोन पेंट घोडे घेऊन आले. पेंट म्हणजे आपला अबलखच, पण तिकडची जात. त्यांचीच पुढची पिढी वाढवून आसपास विकतात. कुणी रायडिंग क्लबवाला, कुणी हॉटेलवाला, एकदा तर बालवाडीने नेला. जाहिरात म्हणजे कोऑपच्या दुकानातल्या फळ्यावर एक चिठ्ठी. यंदाची चिठ्ठी मी लिहिली. कुदो-सान वाचून इतके हसले की टोपी पडली. म्हणाले, ‘तू लिहिलंयस, घोडा तुम्हाला विकत घेईल.’ तशीच लावली. लोक फोटो काढून नेतात.

मी त्यांना आपल्याकडचा सौदाही शिकवला. सारंगखेड्याच्या यात्रेत करतात तसा हातावर टॉवेल टाकला आणि आतून त्यांची बोटं धरली, भाव विचारायला. त्यांनी हात तसाच राहू दिला. मग विचारलं, ‘माझी नाडी कशी आहे?’

पण गोष्ट हसण्याची नाही. शरदात त्यांचं कंबरेचं हाड मोडलं. बायको नाही, मुलगा ओसाकाला, त्याला घोड्यांचा वास सहन होत नाही. मार्चअखेर रँच बंद. आठ घोडे होते, आता तीन राहिलेत. दोघांची बोलणी झालीत. राहते ती चिझु. चिझु म्हणजे नकाशा. तिच्या पोटावरचा डाग थेट होक्काइदोसारखा आहे, खालची शेपटी सोडून. चौदा वर्षांची, म्हणजे वय झालेली, एका डोळ्याभोवती पांढरं, एका डोळ्याभोवती तांबडं. तिला घर बघून द्यायचं काम माझं. मी तसा शब्द दिलाय. मी शब्द दिलाय म्हटल्यावर तू हसशील, माहितीय.

इथे बोलायला कुणी नाही. कुदो-सान सात वाजता झोपतात. मी चिझुशी मराठीत बोलतो. तिला आता ‘सरक’ आणि ‘थांब गं’ कळतं.

काका अजून रागात आहेत का? त्यांनी माझ्या हमीवर सही केली होती आणि मी पळालो. फार्मवाल्यांनी त्यांना फोन केला असेल, त्यांनी फोनवरच वाकून माफी मागितली असेल, मला सगळं डोळ्यासमोर दिसतं. म्हणून तर नंबर बदलला.

नळ सुटला. जातो.

तुझा,
साई

*

कावासाकी
२७ जानेवारी

चि. साईस,
अनेक आशीर्वाद.

गधड्या, दोन महिने! मी इकडे रोज खाली जाऊन टपालपेटी उघडायची आणि त्यात पिझ्झाची जाहिरात. रुचा म्हणते, ‘मामा, मो ई यो,’ म्हणजे मम्मा, पुरे आता. घरात मराठी बोलणारी मी एकटीच उरलेय. मी विचारते मराठीत, ती उत्तर देते जपानीत, आणि दोघींना वाटतं आपलंच बरोबर. पाकिटावरचा पत्ता तिनेच लिहिलाय, माझ्या कांजी अक्षरांवर पोस्टमनचा विश्वास बसणार नाही. घोडीचा फोटो पाठव असं तिने सांगितलंय. मराठीत सांगितलंय हे विशेष.

काकांना राग वगैरे काही नाही. कामात असतात, एवढंच. तू नंबर बदलायची काही गरज नव्हती.

मी एक बाइतो धरलाय, म्हणजे काही तासांचं काम, जेवणाचे डबे भरायचा कारखाना आहे स्टेशनपलीकडे. पहाटे पाचला जाते, नऊला घरी. वेळ जात नाही म्हणून. माझं काम एकच, भाताच्या मधोमध लाल उमेबोशी, म्हणजे खारवलेला आलुबुखार, ठेवायची. एका सकाळी आठशे. बाजूच्या बायका बोलत नाहीत, पट्टा पुढे सरकत राहतो. पहिल्या दिवशी वाटलं आठशे कपाळांना कुंकू लावलं.

गेल्या बुधवारी गंमत झाली. मी कारखान्यातून येते तो दारात बाटल्यांची पिशवी. बुधवार प्लास्टिकच्या कचऱ्याचा, काचेच्या बाटल्या शुक्रवारी. काकांनी नेऊन ठेवल्या असणार, शेजारच्या बाईंनी परत आणून दारात मांडल्या, वर चिठ्ठी, खूप नम्र. इथे नम्र चिठ्ठीइतकं दुसरं काही लागत नाही बघ.

दुपारी खिडकीशी बसते. समोरून दर पाच मिनिटांनी गाडी जाते, एकदा योकोहामाकडे, एकदा तोक्योकडे. पुण्यात असताना वाटायचं कधी एकदा शांतता मिळेल.

चिझुला चांगलं घर मिळू दे. घाई करू नकोस, आणि या वेळी मार्चपर्यंत टिक. मधेच दुसरा ट्रेलर दिसला तर डोळे मीट.

तुझी,
शैलजामावशी

*

हिदाका
१६ फेब्रुवारी

ती. मावशीस नमस्कार.

उमेबोशीचं वाचून मी त्या दिवशी कोंबिनीच्या दुकानातून डबा आणला. मधोमध होती. तूच ठेवली असशील असं धरून खाल्ली.

तुझं पत्र मिळून अठरा दिवस झाले. या वेळचा उशीर आळसाचा नाही, लाजेचा आहे. सांगतो.

आधीचे दोघे गेले. एक रायडिंग क्लबला. त्यांचा माणूस आला, घोड्याचा ओठ वर करून दात बघितले, पाय उचलून खूर ठोकून बघितला, अगदी आपल्यासारखं. घोडे बघणारे सगळीकडे सारखेच. मग कागद काढले. मावशी, इथे प्रत्येक घोड्याचं एक पुस्तक असतं, त्यात घोड्याचं चित्र आणि चित्रावर फुल्या. मी विचारलं, फुल्या कसल्या? कुदो-सान म्हणाले, भोवऱ्यांच्या. अंगावर केस फिरतात ते भोवरे, कपाळावर, मानेवर, छातीवर, कुठे कुठे आहेत ते सगळं लिहिलेलं. मी उडालोच. म्हटलं, म्हणजे तुम्हीपण शुभ-अशुभ बघता? ते म्हणाले, ‘शुभ-अशुभ कसलं? दोन घोड्यांचे भोवरे सारखे नसतात. हरवला तर ओळखता यावा म्हणून.’

मग चिझुचं पुस्तक उघडलं. डाव्या डोळ्याखाली फुली. मी इतके महिने तिला खरारा करतोय आणि पांढऱ्या केसांत मला तो दिसला नव्हता. जाऊन बोट लावून बघितलं. आहे. आसूढाळ.

तुला माहीतच आहे, पण सांगतो. गळ्यावर भोवरा असला तर देवमण, चांगला. डोळ्याखाली असला तर आसूढाळ, तो मालकाला रडवतो. आपल्याकडे असला घोडा नवरदेवाखाली कुणी उभा करत नाही.

दहा तारखेला हायाशी-सान आल्या. साठीच्या, बिएइकडे त्यांचं छोटं पाहुणेघर आहे, वर चार खोल्या. पाहुण्यांच्या मुलांना बसवायला गरीब स्वभावाची घोडी हवी होती. चिझुने त्यांच्या खिशातून रुमाल काढला आणि परत दिला. बाई लहान मुलीसारख्या हसल्या. कुदो-सान कागद मांडत होते. झालंच होतं सगळं, मावशी.

आणि मी तोंड उघडलं. अप्पांनी शिकवलेलं, विकताना खोड आधी दाखवायची, लपवली तर जनावर नव्या दारी टिकत नाही. मी त्यांचा हात धरून चिझुच्या डोळ्याखाली नेला. ‘नामिदा,’ म्हटलं, अश्रू. ‘आमच्या देशात, असा घोडा, मालक रडतो.’ माझं जपानी असं, अर्धंमुर्धं, पण नेमकं तेवढं वाक्य स्वच्छ आलं.

त्यांनी हात मागे घेतला. मग हळूच म्हणाल्या की त्यांचे यजमान डिसेंबरापासून इस्पितळात आहेत, अर्धं अंग गेलंय. मग वाकल्या आणि म्हणाल्या, ‘विचार करते.’ इथे विचार करते म्हणजे नाही.

कुदो-सान रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त चहा प्यायले. दोन दिवसांनी ओगावा-सान म्हणून एकाला फोन केला. तो येऊन बघून गेला. चांगला माणूस आहे, संत्री घेऊन आला होता. दात बघितले नाहीत, खूर बघितले नाहीत. फक्त पाठीवर हात फिरवला आणि वजन विचारलं. तो घोडे मांसासाठी पोसतो. चौदा मार्चला दुपारी बारा वाजता त्याचा ट्रक येईल, तोवर दुसरं कुणी मिळालं तर ठीक, असं ठरलंय. दुसरं कुणी मिळत नाहीये. चौदा वर्षांची घोडी कोण घेतो?

फोटो सोबत आहे. रुचाला ट्रकचं सांगू नकोस.

साई

*

कावासाकी
२१ फेब्रुवारी

चि. साई,

पत्र दोनदा वाचलं. अरे, अप्पांचं, सख्ख्या बापाचं, तू काय ऐकतोस कधीपासून? त्यांनी दहावीची परीक्षा दे म्हटलं तेव्हा ऐकलंस? दुकान सांभाळ म्हटलं तेव्हा? नेमकं हेच एक ऐकावंसं वाटलं? त्या बाईला भोवऱ्याचं काय पडलं होतं! तिला कुठे घोडी वरातीत मिरवायची होती?

एक विचारते. तुमच्या घरच्या त्या अबलख घोडीला असलाच भोवरा होता ना? तुझी आई गेली त्या वर्षी अप्पांनी घाईने विकली ती. तुझं या घोडीशी जे चाललंय ते या घोडीचं नाही असं मला वाटतं. मला लिही. फोटो रुचाने टेबलासमोर लावलाय, होक्काइदोचा डाग तिने न सांगता ओळखला.

चिवडा पाठवतेय. शेंगदाणे जास्त घातलेत.

मावशी

*

हिदाका
२६ फेब्रुवारी

ती. मावशी,

चिवडा मिळाला. निम्मा कुदो-साननी खाल्ला, तिखट लागून डोळ्यांत पाणी, तरी खात होते.

तू विचारलंस म्हणून लिहितो. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. पहिला कागद फाडला, हा दुसरा.

मी बारा वर्षांचा होतो. अप्पांची जुनी पांढरी घोडी म्हातारी झाली होती, लग्नसराईसाठी नवी हवी म्हणून आम्ही तिघं सारंगखेड्याला गेलो. दोन दिवस अप्पा नुसते फिरत होते. घोडे हजारभर. माझे पाय एका अबलख घोडीपाशी अडकले. तिने माझ्या टोपीचा गोंडा चावला. मी ठरवलं, हीच. मग मी तिचं तोंड धरून चोळत बसलो आणि बोटाखाली भोवरा लागला, डोळ्याखाली. मला सगळे भोवरे पाठ होते, अप्पांनी अ आ इ ईच्या आधी शिकवलेले. अप्पा आले, तपासायला लागले, गळा, छाती, मान. मी तिच्या तोंडाशी उभा होतो. लाड करतोय असं दाखवून अंगठा त्या भोवऱ्यावर ठेवला. अप्पा डोळे बघायला आले तेव्हासुद्धा हलवला नाही. ते म्हणाले, ‘सरक रे.’ मी सरकलो नाही, आणखी चिकटलो. तेवढ्यात मालकाने हातावर रुमाल टाकला आणि सौदा झाला.

ती घोडी आली आणि चैत्रात आई आजारी पडली. दिवाळीच्या आधी गेली. तेराव्याला कुणीतरी पाहुण्याने घोडीचं तोंड बघितलं आणि सगळ्यांसमोर म्हटलं, अरे हिला आसूढाळ आहे. अप्पांनी दुसऱ्या दिवशी ती विकली. ते अजून म्हणतात, ‘मला कसा दिसला नाही?’ दर वेळी म्हणतात. जेवतानासुद्धा. मी ताटावरून उठून जातो. मग गावातून उठलो. मग पुणं, मुंबई, इथे.

म्हणून हायाशी-सानना दाखवला. परत अंगठा ठेवायची हिंमत नव्हती. आता चिझुपण चाललीय. ठेवला तरी तेच, काढला तरी तेच.

तू आता उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.

साई

*

कावासाकी
२ मार्च

बाळा,

हे आधीच लिहायला हवं होतं. मला माहीत नव्हतं की तू हे उराशी धरून हिंडतोयस.

तुझ्या आईला माहीत होतं. तुम्ही यात्रेहून परतलात त्याच दिवशी तिने मला पुण्याला फोन केला. ताई इतकी हसत होती की मला आधी शब्दच कळेनात. म्हणाली, ‘शैले, पोरगं घोडीच्या डोळ्याखाली अंगठा दाबून असं उभं होतं, जसं काही तिचे प्राण तिथून निघून जाणार आहेत. मला लांबूनच कळलं. मी ह्यांना म्हटलं, अहो चला, उशीर होतोय, घ्या हीच.’ मी म्हटलं, अगं पण आसूढाळ, घोडीवाल्यांच्या घरात? तर म्हणाली, ‘माझ्या गालावर एवढा मोठा तीळ आहे, सासूबाई म्हणाल्या होत्या नवऱ्याला खाईल. मला केलं का कुणी परत? पोराला आवडलीय ना, बास.’

तुझ्या अंगठ्याने काही झालं नाही, साई. ताईला आजार आधीपासून होता. यात्रेला निघायच्या आधीच धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. तिने अप्पांनाही महिनाभर कळू दिलं नाही. तुला मनासारखी घोडी घेऊन द्यायची म्हणून ती त्या दगदगीत यात्रेला आली होती. मला वाटायचं हे तुला कुणीतरी सांगितलं असेल. आमच्या सगळ्यांना तसंच वाटत राहिलं असणार.

आता माझंही ऐक. तू खरं लिहिलंस, मग मी कशाला झाकून ठेवू?

काका नोव्हेंबरापासून ऑफिसला गेलेले नाहीत. तोयोसुचा मोठा प्रोजेक्ट होता, अचानक बंद झाला. त्यानंतर एका सकाळी बूट घालायला दारात बसले ते दुपारपर्यंत तसेच बसून राहिले. डॉक्टरने चिठ्ठी दिली, कंपनीने रजा दिली. तेव्हापासून तातामीच्या, चटयांच्या खोलीत असतात, सरकतं दार लावून. जेवण दाराशी ठेवते, जेवतात. बोलत नाहीत. रागात नाहीत, काहीच नाहीत. रुचाशी नाही, माझ्याशी नाही. त्या बुधवारच्या बाटल्या ही महिन्याभरातली एकमेव गोष्ट जी त्यांनी आपण होऊन केली, आणि तीही परत आली. मी बाइतो वेळ जावा म्हणून धरलेला नाही.

तुझी पत्रं मी त्या दाराशी बसून मोठ्याने वाचते. दुसरं वाचायला काय आहे? आतून काही येत नाही. नाडीचं वाचलं तेव्हा खोकल्यासारखं काहीतरी आलं होतं. खोकलाच असेल.

त्या हायाशीबाईंकडे जा. तोंड उघडून बिघडवलंस, तोंड उघडूनच नीट कर.

मावशी

*

हिदाका
८ मार्च

ती. मावशी,

तुझं पत्र मी तबेल्यात वाचलं. मग चिझुच्या मानेत डोकं घालून उभा राहिलो. ती जुनी आहे, तिला कळतं कधी हलायचं नाही ते.

मग बिएइला गेलो. बस, गाडी, परत बस, सहा तास. मधल्या एका स्टेशनवर एक आजोबा लाकडी कोल्हे कोरत बसले होते, ते बघता बघता एक बस चुकली. पण पोचलो. हायाशी-सान एकट्याच होत्या, छपरावरचा बर्फ खाली ओढत होत्या. मी काही न बोलता दुसरं फावडं घेतलं. सगळं काढून झाल्यावर आत चुलीशी बसून बोललो. आईचं सांगितलं. अंगठ्याचं सांगितलं. तिळाचं सांगताना माझ्याकडे शब्द नव्हता तर गालावर बोट ठेवलं. त्यांनी चुलीत एक लाकूड सारलं. मग म्हणाल्या, ‘मी डिसेंबरापासून रडलेच नाहीये. घोडी आल्यावर रडू आलं तर बरंच होईल.’

त्या चिझुला घ्यायला तयार आहेत, मावशी!

पण एक अट आहे, आणि ती रास्त आहे. यजमानांचं करून घोडीचं करणं त्यांना झेपणार नाही. मी तिच्याबरोबर जायचं, वर्षभर राहायचं. आणि मी आधी एक नोकरी टाकून पळालेला माणूस आहे, हे मीच सांगितलं, खोड आधी दाखवायची म्हणून. तेव्हा कुणीतरी जपानात नोकरी असलेल्या माणसाने माझी हमी घ्यायला हवी. शिक्का मारलेला कागद हातात आल्याशिवाय त्यांचा मुलगा ऐकणार नाही. चौदाच्या बारापर्यंत.

जपानात मी ओळखतो अशी नोकरीवाली माणसं दोनच. एक कुदो-सान, ते आता निवृत्त. दुसरे काका.

काकांना विचारू नकोस. एकदा त्यांच्या सहीवर मी पाय देऊन गेलोय आणि ते आता तसे आहेत. कागद सोबत ठेवलाय तो तुला बघायला म्हणून, बाकी काही नाही.

साई

*

कावासाकी
११ मार्च

चि. साई,

तू विचारू नकोस लिहिलंस तेही मी दाराशी बसून वाचलं. सगळं वाचलं. शेवटी कागद जेवणाच्या ताटाशेजारी ठेवला. सकाळी ताट रिकामं होतं. कागद होता तिथेच होता, घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

मी केली असती रे सही. शिक्का ड्रॉवरमध्येच आहे. पण डिपेंडंट व्हिसावर उमेबोशी ठेवणाऱ्या बाईची हमी कोण धरतं? आणि त्यांचा शिक्का त्यांना न विचारता मारायचा, हे माझ्याच्याने होणार नाही. एवढी एक गोष्ट त्यांची त्यांच्याकडे राहू दे.

परवा होळी. पुरण घालतेय. रुचा चिझुच्या फोटोकडे बघून विचारते, ती कुठे जाणार? मी म्हटलं, अजून ठरायचंय.

माफ कर.

मावशी

*

हिदाका
१४ मार्च

ती. मावशी,

तुझं पत्र काल मिळालं. माफी कसली मागतेस, मलाच लाज वाटली.

सकाळी सहापासून जागा आहे. चिझुला खरारा केला, शेपटी विंचरली, खुरांना तेल लावलं. यात्रेला न्यायच्या आधी अप्पा लावायचे तसं. मग लक्षात आलं ओगावा-सानला यातलं काही लागत नाही. तरी लावलं. आज आपल्याकडे धुळवड. मला आठवलं, शेजारची पोरं आमच्या पांढऱ्या घोडीला गुलाल लावायची आणि अप्पा काठी घेऊन मागे. हिला गरजच नाही, ही जन्मतःच खेळून आलीय.

रात्री अप्पांना फोन केला. चार वर्षांत पहिल्यांदा मी केला. अंगठ्याचं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘म्हणजे माझी नजर चुकली नव्हती तर.’ आणि नाक शिंकरलं. मग विचारलं, तिकडे जेवणखाण कसं आहे.

अकरा वाजलेत. कुदो-सान सकाळपासून टोपी घालून खिडकीशी बसलेत. हायाशी-सानना मी कळवलं की कागद नाही. त्या म्हणाल्या, ‘बारापर्यंत मी फोनजवळ आहे.’ मी हे पत्र तबेल्यात चिझुपाशी, गवताच्या गठ्ठ्यावर बसून लिहितोय. ती वरून वाचतेय. तिचा श्वास कागदावर पडतो आणि शाई पसरते, अक्षर खराब आलं तर तिला बोल.

थांब. गाडीचा आवाज. लवकर आला ओगावा-सान.

नंतर लिहितोय.

ट्रक नव्हता. टॅक्सी होती, आमच्या गावात आहे ती एकच. मागचं दार उघडलं आणि ऑफिसचे काळे पातळ बूट बर्फात उतरले, घोट्यापर्यंत गेले. दाढी वाढलेली, कोटाच्या आत घरातला स्वेटर, काखेत प्लास्टिकचं फोल्डर, हातात तुझा स्टीलचा डबा. मी ओळखलंच नाही आधी. कावासाकीत बघितले होते त्याच्या निम्मे झालेत.

काका आलेत, मावशी. तू पाचला कामावर गेलीस आणि ते पहिल्या विमानाने निघाले. तुला हे पत्र मिळेपर्यंत सगळं कळलेलं असेल, पण मी लिहितो, मला कुणाला तरी आत्ता सांगायचंय.

त्यांनी फोल्डर माझ्या हातात दिलं. कागदावर शिक्का दोनदा मारलाय, पहिला तिरका आला होता म्हणून त्याच्याशेजारी दुसरा, सरळ. कुदो-सान तो बघून काठी टेकत फोनकडे धावले, हाड मोडलेला माणूस.

काका तसेच पुढे गेले, चिझुपाशी. घोड्याला कधी हात लावला नसेल त्यांनी, हात हवेत धरून उभे राहिले, कुठे ठेवावा कळेना. तिनेच मान खाली केली. मग ते माझ्याकडे वळले. आवाज इतका बसलेला की मला पुढे वाकावं लागलं.

म्हणाले, ‘कुठाय तो भोवरा? दाखव.’

मी त्यांचा अंगठा धरून तिच्या डोळ्याखाली ठेवला.

साई